न मरणारं झाड, की वाढणारं झाड?

पहिल्यांदाच घरात झाड आणायला निघालेला माणूस नर्सरीत हमखास एक प्रश्न विचारतो: "फारसं बघावं लागणार नाही असं काही आहे का?" नर्सरीवाला स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट अशा ओळखीच्या कुंड्यांकडे बोट दाखवतो. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही चुकीचं नाही. तरीही त्यातली कितीतरी झाडं वर्ष पुरं व्हायच्या आत कचऱ्यात जातात. असं का होतं आणि नवशिक्याने मग काय निवडावं, यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून ती इथे दोघींच्या तोंडी दिली आहेत. आत्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पुण्यात कोथरूडच्या जुन्या सोसायटीत राहणारी. भाची वाकडला बाराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, काही दिवस ऑफिसला जाते, काही दिवस घरून काम करते. दोघी काल्पनिक आहेत, पण त्यांचा वाद घरोघरी चालतो.

भाची : आत्या, माझी यादी तयार आहे. स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट आणि पीस लिली. मी विसरले तरी मरणार नाहीत अशीच झाडं शोधून काढली आहेत. मला बागकाम शिकायचं नाहीये. घरात काहीतरी हिरवं हवंय, आणि त्याचं ओझं नकोय.

आत्या : यादी वाईट नाही गं. पण झाडं ठरवलीस, जागा ठरवल्यास का?

भाची : हो तर. स्नेक प्लांट बेडरूमच्या कोपऱ्यात, झेडझेड पॅसेजमध्ये, पीस लिली टीव्हीच्या शेजारी, आणि मनी प्लांट बाटलीत घालून बाथरूममध्ये. सगळ्यांबद्दल 'कमी उजेडात चालतं' असंच लिहिलेलं असतं.

आत्या : कमी उजेडात ती लगेच मरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. झाडाचं अन्न उजेडापासून तयार होतं. खत म्हणजे त्यात लागणारं चिमूटभर मीठ. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. ऊन थेट आत येत नसेल, तर खिडकीलगत तो काही हजारांवर येतो. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दोन-तीनशे राहिला तरी पुष्कळ. आपले डोळे अंधाराला चटकन सरावतात, म्हणून आपल्याला तो कोपरा लख्ख वाटतो. झाडाला तशी सोय नाही. तिथे ते आधीच्या साठवणीवर उपास काढत बसतं.

भाची : पण स्नेक प्लांट महिनोन् महिने तसंच उभं असतं. माझ्या ऑफिसच्या लिफ्टशेजारी आहे. त्याला काही झालेलं नाही.

आत्या : नवीन पान आलंय का त्याला?

भाची : ते नाही पाहिलं कधी.

आत्या : मग पुढच्या वेळी पाहा. स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. उन्हाळे सोसायची त्याची एक खास युक्ती आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. हे झाड रंध्रं रात्री उघडतं, रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतं, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा उजेड आला की त्याची साखर करतं. म्हणून त्याला पाणी कमी लागतं. झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं, केनियापासून दक्षिणेकडचं. मातीखाली त्याचे बटाट्याएवढे गड्डे असतात, देठही पाण्याने भरलेले असतात. १९९० च्या दशकात डच नर्सऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवायला घेतलं आणि मग ते जगभरच्या घरांत पोचलं. दोन्ही झाडांची ताकद तहान सोसण्यात आहे. तहान सोसणं वेगळं आणि अंधार सोसणं वेगळं. बाजारात या दोन्ही गोष्टी एकाच चिठ्ठीवर लिहून विकल्या जातात.

भाची : पण अंधारात ठेवलेलं झाड नुसतं वाढलं नाही, तर माझं काय बिघडलं? मी कुठे जंगल करायला निघालेय?

आत्या : तिथेच तर खरी गोम आहे. उजेड कमी म्हणजे झाडाचं काम कमी, काम कमी म्हणजे पाण्याची उचल कमी. तू मात्र पाणी नेहमीच्याच हिशेबाने घालतेस. माती ओली ती ओलीच राहते. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. शेतकरी वाफसा म्हणतात ना, मातीत ओल आहे आणि हवाही खेळती आहे अशी स्थिती, ती कुंडीत कधी येतच नाही. मुळं गुदमरतात, त्यांना बुरशी लागते, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. घरातलं माणूस म्हणतं, "अरे, झाड सुकलं!" आणि आणखी पाणी घालतं. न मरणारी म्हणून आणलेली झाडं अशी मरतात. दुर्लक्षाने मरणारी त्यामानाने थोडी.

भाची : म्हणजे हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला! मी आळशी आहे, पाणी घालायला विसरते, तेव्हा माझ्याकडे ही झाडं जगतील. तुझ्यासारखी रोज झारी घेऊन फिरणारी माणसंच त्यांना मारतील.

आत्या : हे मान्य करावंच लागेल. झेडझेड आणि स्नेक प्लांट विसराळू माणसाच्या हाती खरंच सुखी असतात. पण तू घरून काम करतेस. झाड दिवसभर नजरेसमोर असलं की हात शिवशिवतो. विसरायचंही ठरवावं लागतं. या दोघांची माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो, तेव्हा तीन-तीन आठवडे नाही घातलं तरी चालतं.

भाची : कोरडी झाली हे ओळखायचं कसं? वरून तर माती नेहमीच कोरडी दिसते.

आत्या : बोट दोन पेरं आत घालायचं. नाहीतर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढायची. माती चिकटली तर ओल आहे. सवय झाली की कुंडी नुसती उचलून कळतं. ओली कुंडी जड लागते, कोरडी हलकी. वार ठरवून मात्र पाणी घालू नये. दर रविवारी एक पेला हा नियम मे महिन्यात कमी पडतो आणि जुलैत घात करतो.

भाची : बरं. उजेडाचं कसं मोजू? लक्स मोजायचं यंत्र आणू का?

आत्या : यंत्र कशाला? दुपारी बाराच्या सुमाराला घरातले दिवे बंद कर. कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेव आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धर. सावलीच्या कडा ठळक दिसल्या तर उजेड भरपूर. सावली पडते पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. तुझ्या यादीतली बरीच झाडं मध्यम उजेडात छान वाढतात. सावलीच पडत नसेल, तर तिथे कुठलंही झाड कायमचं ठेवू नये.

भाची : आणि दिशा? सगळ्या व्हिडिओंमध्ये दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली म्हणतात.

आत्या : ते युरोप-अमेरिकेत खरं. आपण पुण्यात साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे आपल्या दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन थेट आत येतं आणि भर उन्हाळ्यात जवळजवळ येतच नाही. नवशिक्याला सर्वांत सोपी पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन देणारी. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये पानं भाजतात, तिथे पातळ पडदा हवा. उत्तरेच्या खिडकीत वर्षभर सौम्य उजेड, तो पीस लिलीला आणि मनी प्लांटला मानवतो.

भाची : माझा हॉल पश्चिमेला आहे, आणि पॅसेजला खिडकीच नाही.

आत्या : मग पॅसेजमधला झेडझेड यादीतून काढ.

भाची : नाही काढणार. आणि आता माझं नीट ऐक. तुझ्या पिढीला अंगण होतं, गच्ची होती, सकाळी निवांत वेळ होता. मला बारावा मजला मिळालाय, पश्चिमेचं ऊन मिळालंय आणि अकरा महिन्यांचा करार. घरमालकाने भिंतीला खिळा ठोकायची परवानगी दिलेली नाही. दिवाळीत मी आठवडाभर गावी असते. अशा माणसाला तुम्ही सांगता की झाड म्हणजे जिवंत जीव, त्याला वेळ द्या, त्याच्याशी बोला. ते ऐकून माणूस झाड आणतच नाही. पहिलं झाड मेलं की दुसरं आणायची हिंमत होत नाही, "आमच्या हाताला गुण नाही" म्हणून मोकळा होतो. नवशिक्याला आधी यश लागतं. न मरणारं झाड ते यश देतं. त्यात कमीपणा काय आहे?

आत्या : कमीपणा नाही. आणि हाताला गुण असतो-नसतो हे मलाही पटत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे म्हणतात, त्याच्या घरात बहुधा पूर्वेची खिडकी असते आणि त्याची नजर पानांवर असते. माझं म्हणणं एवढंच, की ज्या झाडाला काहीच होत नाही ते काहीच शिकवत नाही. स्नेक प्लांट गप्प राहतं. मुळं कुजत असतात आणि वरून महिनाभर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा पान बुडाशी मऊ होऊन आडवं पडलेलं असतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. पीस लिलीला तहान लागली की सगळी पानं मान टाकतात. पाणी घाल, काही तासांत ताठ उभी. चार वेळा हे पाहिलंस की पाणी कधी घालायचं हे कोणाला विचारावं लागणार नाही. नवशिक्याला सहनशील झाडापेक्षा बोलकं झाड द्यावं.

भाची : म्हणजे यादीतली पीस लिली तुला चालेल.

आत्या : टीव्हीशेजारी नाही, खिडकीजवळ ठेवलीस तर. शिवाय पानओवा आण. जाड, केसाळ, ओव्याच्या वासाची पानं. त्याची भजी तू लहानपणी खाल्ली आहेस. फांदी तोडून मातीत खोचली की मुळं धरते. उजेड कमी पडला की पेरं लांबतात, झाड खिडकीकडे झुकतं. पाणी जास्त झालं की पानं पिवळी पडून गळतात. सगळं दिसतं. पानफुटी आण. तिचं पान मातीवर ठेवलं की कडेच्या खाचांतून इवली रोपं फुटतात. मुलांना दाखवायला याहून चांगलं झाड नाही.

भाची : आणि तुळस? सगळे आधी तुळसच आणतात. "तुळस काय, कुठेही येते," म्हणतात.

आत्या : तुळशीला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं.

भाची : तेच म्हणतेय मी. तुळशी वृंदावन अंगणात असायचं, मधल्या खोलीत नव्हतं. आता फ्लॅटमध्ये देवघराशेजारी तुळस ठेवतात, ती महिन्यात काड्या होते आणि घरच्यांना अपशकुन वाटतो. दोष बिचाऱ्या झाडाचाही नाही आणि माणसाचाही. कोरफडीचंही तेच. दिसायला काटक, म्हणून लोक तिला आतल्या कोपऱ्यात टाकतात, आणि ती फिकट होऊन लोळते. आत्या, भावनेपोटी चुकीचं झाड आणण्यापेक्षा माझी यादी बरी.

आत्या : यात तू बरोबर आहेस. घराच्या आत तुळस हे नवशिक्याचं झाड नाही. उन्हाची बाल्कनी असेल तरच आणावी.

भाची : मग यादीवर तुझा आणखी काय आक्षेप?

आत्या : घरी लहान मूल येतं-जातं का? मांजर आहे का?

भाची : शेजारच्यांची दीड वर्षाची मुलगी रोज येते.

आत्या : मग ऐक. मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली, शिवाय अॅग्लोनिमा, सिंगोनियम, डिफेनबॅकिया ही सगळी अळूच्या कुळातली. अळू खाजरं का असतं? त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून फदफद्यात चिंच नाहीतर आमसूल घालतो आणि पानं भरपूर शिजवतो. या झाडांतही तेच स्फटिक आहेत. मुलाने पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. डिफेनबॅकिया यांत जास्त त्रासदायक. घाबरून जायचं कारण नाही, पण कुंडी उंचावर हवी आणि छाटणी केल्यावर हात धुवायला हवेत. स्नेक प्लांट या कुळातलं नाही, तरी कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तर त्यांना उलट्या होतात.

भाची : आणि बाथरूममधला मनी प्लांट?

आत्या : बाथरूमला खिडकी असेल तर दमट हवा त्याला आवडेल. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. आपल्याकडे एखाद्या मोठ्या झाडाच्या खोडावर चढलेला पाहा, पानं सुपाएवढी होतात. बाटलीत तो जेमतेम तळहाताएवढा राहतो. बाटलीतला मनी प्लांट सोपाच, पण दर आठवड्याला पाणी बदलायचं आणि बाटली आतून घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. महापालिकेची माणसं घरोघरी तपासणीला येतात तेव्हा मनी प्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटली बघतात, ते उगीच नाही. ज्याला आठवड्याला हे जमणार नाही, त्याने मनी प्लांट मातीतच लावावा.

भाची : हे मात्र कोणी सांगत नाही. विकताना सांगतात ते हवा शुद्ध होते म्हणून. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून बेडरूममध्ये ठेवा म्हणतात.

आत्या : ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं, एवढं खरं. हवा शुद्ध करण्याची गोष्ट १९८९ च्या नासाच्या अभ्यासातून पसरली. तो प्रयोग छोट्या, बंद पेटीत केलेला होता. घराला खिडक्या-दारं असतात, हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीतल्या हवेच्या नेहमीच्या येण्या-जाण्यातून जेवढी हवा साफ होते, तेवढी झाडांनी करायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील. तुझ्या बेडरूममध्ये एक झाड. हवा स्वच्छ हवी असेल तर खिडकी उघड.

भाची : मला झाड हवेसाठी नकोच आहे. दिवसभर स्क्रीनकडे बघून मान वर केली की समोर काहीतरी जिवंत दिसावं, एवढ्यासाठी हवंय. तेवढं कारण पुरेसं नाही का?

आत्या : पुरेसं आहे. बाकी सगळ्या कारणांपेक्षा खरं आहे.

भाची : मग कुंडीचं बोलू. मी एक पांढरी सिरॅमिकची घेऊन ठेवली आहे. तिला खाली भोक नाही.

आत्या : मग तळाला विटांचे तुकडे, खडी घाल, जास्तीचं पाणी त्यात उतरेल. आम्ही नेहमी तसंच करत आलो.

भाची : इथे मी तुला शिकवते. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली जायला लागतं. म्हणजे खडीच्या थराच्या वर चिखलाचा एक थर कायम राहतो. खडी घातल्याने तो चिखल उलट मुळांच्या जवळ येतो. शिवाय भोकच नसेल तर खडीतलं पाणी जाणार कुठे?

आत्या : बरोबर आहे. भोकावर एखादी खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं ठीक. मग तुझ्या पांढऱ्या कुंडीचं काय करशील?

भाची : नर्सरीतली भोकाची प्लॅस्टिकची कुंडी तशीच तिच्या आत ठेवायची. पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की पुन्हा आत.

आत्या : उत्तम. मातीचंही बघ. नर्सरीच्या काळ्या पिशवीत बहुतेक चिकट लाल माती असते. नर्सरीत उघड्यावर, शेडनेटखाली ती लवकर वाळते, घरात दगडासारखी बसते. पण झाड घरी आणल्या आणल्या कुंडी बदलू नकोस. दोन-तीन आठवडे त्याला नव्या जागेची सवय होऊ दे. एखाद-दुसरं पान गळेल, घाबरू नकोस. नंतर बदलताना लाल माती, कोकोपीट आणि जाड वाळू सारखी घे, वर मूठभर गांडूळखत. स्नेक प्लांट आणि झेडझेडला वाळू जास्त. पहिले दोन महिने त्याखेरीज खत नको. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बोळा भिजवून पुसून काढायचा.

भाची : आमच्याकडे टँकरचं पाणी असतं. बादलीला पांढरा थर चढतो.

आत्या : तोच क्षार कुंडीतही साठतो आणि पानांची टोकं करपतात. पावसाळ्यात बाल्कनीत बादली ठेव. पावसाच्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन निघते. हे पुण्यात-कोकणात सोपं. नागपूर-अकोल्याला मेमध्ये हवाच इतकी कोरडी, की नाजूक पानांची झाडं कूलरच्या खोलीत ठेवावी लागतात. तिथल्या नवशिक्याला माझ्या पीस लिलीपेक्षा तुझं स्नेक प्लांट बरं. म्हणून सगळ्यांना एकच यादी देता येत नाही.

भाची : तरी एक झाड सांग. एकच. माझ्या घरासाठी.

आत्या : स्पायडर प्लांट. लांब, अरुंद, पांढऱ्या पट्ट्यांची पानं. मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, पण त्याची भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत. पहिल्या पावसानंतर ठाणे-पालघरकडच्या बाजारात फोडशीच्या रानभाजीच्या जुड्या येतात ना, ती याच वंशातली. सफेद मुसळीही त्यातलीच. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलिएनम. स्पायडर प्लांटची मुळं जाड, पांढरी, पाणी साठवणारी असतात. आठवडाभर गावी गेलीस तरी ते निभावतं, हा तुझा मुद्दा झाला. तहान लागली की पानं फिकी पडून लोंबतात, उजेड कमी पडला की पट्टे मंदावतात, पाणी क्षारट असेल तर टोकं तपकिरी होतात, हा माझा मुद्दा झाला. मुलांना, मांजरांना ते विषारी नाही. आणि जरा रुळलं की लांब दांड्यांना पिल्लं लटकतात. एखादं मातीवर टेकवून ठेव, मूळ धरतं. मूळ झाड गेलं तरी वंश राहतो. तुझ्या पश्चिमेच्या खिडकीपासून हात-दीड हात आत, पडद्याआड, ते छान होईल. विकतही आणू नकोस. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पिल्लं उदंड असतात, माग. जून-जुलैत आणलंस तर लवकर धरेल.

भाची : हे पटलं. पण झेडझेड मी पॅसेजमध्ये ठेवणारच. दोन घेईन. एक खिडकीशी, एक पॅसेजमध्ये, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल.

आत्या : मला ते अजूनही आवडत नाही. जिथे झाड जगत नाही तिथे शोभेसाठी का ठेवायचं?

भाची : कारण त्या पॅसेजमधून मी रोज दहा वेळा जाते. आणि पंधरा दिवसांनी कुंडी हलवायची म्हटल्यावर मला त्याच्याकडे बघावंच लागेल. तूच म्हणतेस ना, नजर हवी.

आत्या : ठीक आहे. मग कसोटी मात्र माझी. आणलीस की दोन्ही झेडझेडची पानं मोजून कुंडीवर तारखेसह लिहून ठेव. जून ते ऑक्टोबर हा आपल्याकडे वाढीचा काळ. ऑक्टोबरात पुन्हा मोज. नवीन कोंब आला असेल तर तुझी अदलाबदल बरोबर. नसेल, तर दोन्ही खिडकीशी.

भाची : मान्य.

या वादात कोणी हरलं नाही, आणि कोणी हरावं असं वाटतही नाही. भाची म्हणते ते खरं, की झाड आणण्याची अट अवघड केली तर शहरातली निम्मी घरं झाडाविनाच राहतील. वेळ नाही, अंगण नाही, भाड्याचं घर आहे, यातली कुठलीही गोष्ट झाड न आणण्याचं कारण होऊ नये. आणि आत्याचं म्हणणं तितकंच मोलाचं, की देखभाल कमी लागणं हा नुसता झाडाचा गुण नाही. झाड, खिडकी आणि पाणी घालणारा हात यांचं जमलं तर तो गुण येतो. खिडकीशी जमलेल्या साध्या झाडाला फारसं काही करावं लागत नाही, आणि अंधाऱ्या कोपऱ्यातल्या सर्वांत काटक झाडालाही शेवटी वाचवता येत नाही.

म्हणून नवशिक्याने यादी बाजूला ठेवून क्रम उलटा करावा. आधी दुपारी हाताची सावली पाहून जागा ठरवावी. मग आपण पाण्याच्या बाबतीत विसराळू आहोत की हात सैल आहे, हे प्रामाणिकपणे ओळखावं. विसराळू असाल तर स्नेक प्लांट, झेडझेड. हात सैल असेल तर पीस लिली. मधले असाल तर स्पायडर प्लांट. एका वेळी एकच झाड आणावं. आणि वर्षाअखेरीला ते मेलं नाही ना, एवढ्यावर समाधान मानू नये. नवीन पान आलं का, हे विचारावं. आलं असेल, तर तुमच्या घरात झाड नीट नांदतंय, आणि दुसरं आणायला तुम्ही तयार आहात.